आधी कोणीतरी उन्हात जाऊन येतं

मंडळी, या वेळचा विषय बघून आमच्या काही नातेवाइकांना वाटेल की बाईंना आता हेलिकॉप्टरचं वेड लागलं. तसं काही नाही. मी आयुष्यात एकदाही हेलिकॉप्टरमध्ये बसलेली नाही, आणि आता सत्तरी उलटल्यावर बसायची इच्छाही नाही. पण माझा भाचा, म्हणजे आमच्या ताईचा धाकटा, हेलिकॉप्टरचा वैमानिक आहे. आधी नौदलात होता. तिथून निवृत्त झाल्यावर परदेशात एका डोंगराळ मुलखात नोकरीला लागला. (देशाचं नाव लिहू नकोस, असं त्याने बजावलं आहे, म्हणून लिहीत नाही.) सुट्टीवर आला की चार दिवस माझ्याकडे राहतो. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे नकाशा हा आमचा दोघांचा विषय. या खेपेला त्याने मला त्याचं सध्याचं काम समजावून सांगितलं, आणि ते ऐकल्यापासून ते डोक्यातून जातच नाही. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

त्याच्या कामाला इंग्रजीत 'फ्लाइट व्हॅलिडेशन' म्हणतात. मला त्याला सुटसुटीत मराठी शब्द सापडला नाही. मी आपली 'वाट तपासणं' म्हणते. ढगातून किंवा धुक्यातून हेलिकॉप्टर खाली आणण्यासाठी आकाशात एक वाट आखलेली असते. ती वाट इतर वैमानिकांना वापरायला देण्याआधी कोणीतरी ती प्रत्यक्ष उडून बघायची असते. ते 'कोणीतरी' म्हणजे आमचा भाचा.

आता आकाशात वाट कसली, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं.

हेलिकॉप्टर एरवी बहुतेक वेळा डोळ्यांनीच उडवतात. म्हणजे खाली नदी दिसते, रस्ता दिसतो, समोर डोंगर दिसतो, त्यावरून वैमानिक जातो. हवा स्वच्छ आहे तोवर हे ठीक. पण ढगात शिरलं की सगळा पांढरा पडदा. अशा वेळी माणसाचा स्वतःवरचा विश्वासच घातक ठरतो. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव असतो. डोळ्यांना आधार नसला की तो चक्क खोटं सांगायला लागतो. हेलिकॉप्टर एका अंगाला कलत असतं आणि वैमानिकाला वाटतं आपण अगदी सरळ चाललोय. यंत्र ठणठणीत, इंजिन उत्तम, आणि तरीही ते डोंगरावर जाऊन आदळतं.

८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर पडलं, ते आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. दरीतली हवा अचानक बदलली, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असं हवाई दलाच्या चौकशीत निघालं. त्याच्या आदल्या वर्षी, २६ जानेवारी २०२० ला, अमेरिकेत बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट आणि त्याची लेक ज्या हेलिकॉप्टरमध्ये होते तेही असंच ढगात शिरून टेकडीवर आदळलं. नऊजण गेले. दोन्ही ठिकाणी वैमानिक अनुभवी होते. 'दिसत नसताना दिसतंय असं समजून पुढे जायचं' या एका गोष्टीने जगभर किती माणसं गेली असतील याची गणती नाही.

यावर उपाय म्हणजे बाहेर बघायचंच नाही. समोरच्या यंत्रांवर नजर ठेवायची आणि ती सांगतील तेवढंच करायचं. याला 'इन्स्ट्रुमेंट ॲप्रोच' म्हणतात. मोठी विमानं वर्षानुवर्षं हेच करत आली आहेत. पण त्यांच्यासाठी धावपट्टीच्या टोकाशी रेडिओ लहरी सोडणारी मोठी यंत्रणा बसवलेली असते. त्या लहरींचा धागा धरून विमान खाली येतं. हेलिकॉप्टरला जायचं असतं इस्पितळाच्या गच्चीवर, नाहीतर डोंगरातल्या एखाद्या पटांगणावर. तिथे एवढी यंत्रणा कोण बसवणार?

जीपीएस आल्यावर हे चित्र बदललं. आता जमिनीवर काही न बसवताही वाट आखता येते. नुसतं जीपीएस त्याला पुरत नाही, कारण उपग्रहाचा संदेश वातावरणातून येताना थोडा चळतो. ती चूक दुरुस्त करून सांगणारी दुसरी सेवा लागते. अमेरिकेची आहे, युरोपची आहे, जपानची आहे, आणि आपलीही आहे. आपल्या सेवेचं नाव 'गगन'. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून ती उभारली. २०१३ च्या डिसेंबरमध्ये तिला पहिलं प्रमाणपत्र मिळालं, आणि उतरताना उंचीचंही मार्गदर्शन करण्यासाठीचं प्रमाणपत्र २०१५ च्या एप्रिलमध्ये. २०२२ च्या एप्रिलमध्ये राजस्थानात किशनगढला एक प्रवासी विमान गगनच्या आधाराने उतरवून दाखवलं. आणि २०२३ च्या जूनमध्ये, पावसाळा तोंडावर असताना, जुहूहून पुण्याला हेलिकॉप्टर याच पद्धतीने नेऊन दाखवलं. अशा प्रकारचं आशियातलं ते पहिलंच प्रात्यक्षिक, असं तेव्हा सरकारने जाहीर केलं होतं. मला त्याचं फार अप्रूप वाटलं. मध्ये सह्याद्री आडवा पडलेला आहे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर ढग कसे बसकण मारून बसतात हे खंडाळ्याहून एकदा गेलेल्या कोणालाही सांगायला नको.

तर अशी वाट ढगातून खाली येते आणि हवेतच एका ठरलेल्या बिंदूपाशी थांबते. त्या बिंदूला 'पॉइंट इन स्पेस' असंच नाव आहे. अवकाशातला बिंदू! तिथे आल्यावर वैमानिकाने मान वर करून बघायचं. हेलिपॅड किंवा ठरलेल्या खुणा दिसल्या तर डोळ्यांनी पुढे जाऊन उतरायचं. दिसल्या नाहीत तर क्षणभरही रेंगाळायचं नाही, परत वर चढायची जी वाट आखून दिलेली आहे तिने निघून जायचं. 'अजून थोडं खाली जाऊन बघू' असं म्हणायचं नाही.

आता या वाटेची गंमत बघा. धावपट्टीजवळची रेडिओ यंत्रणा निदान हात लावून बघता तरी येते. तिची तपासणी करायला आपल्याकडे विमानतळ प्राधिकरणाची खास विमानं आहेत. पण उपग्रहांच्या भरवशावर आखलेली ही वाट कशाची बनलेली असते? नुसत्या आकड्यांची. इतके अक्षांश, इतके रेखांश, इतकी उंची, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत इतके अंश. आकडा चुकला की वाट चुकली. आणि ढगात असलेल्या माणसाला ते कळायला दुसरा काहीच मार्ग नाही.

वाट आखणारे लोक डोंगर, झाडं, मनोरे, इमारती या सगळ्यांच्या वर काही अंतर मोकळं ठेवतात. त्याचे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवलेले आहेत. हेलिकॉप्टर लांबून येत असतं तेव्हा मुख्य पट्ट्यात अडथळ्याच्या वर ३०० मीटर मोकळे हवेत, जरा जवळ आलं की १५०, आणि शेवटच्या टप्प्यात ७५. प्रत्येक टप्प्याला निम्मं. फळ्यावर लिहायला किती सोपं! पण ७५ मीटर म्हणजे किती, तर साधारण पंचवीस मजली इमारत. खाली झाडी, वर तुम्ही, मध्ये तेवढं अंतर, आणि डोळ्यांसमोर पांढरा पडदा.

इथे माझ्या भूगोलाचा संबंध येतो. वर्गात मी मुलांना समोच्च रेषा शिकवायची, तेव्हा 'समुद्रसपाटीपासून उंची' हे शब्द किती सहज म्हणायची. पण समुद्रसपाटी म्हणजे नेमकं काय? जीपीएस उंची मोजतं ती समुद्रसपाटीपासून नव्हे, पृथ्वीच्या आकाराशी मिळत्याजुळत्या एका गणिती लंबगोलापासून. खरी समुद्रसपाटी त्या लंबगोलाशी जुळत नाही, कारण पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात समुद्राची पातळी त्या लंबगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे. जगातला सगळ्यात मोठा खळगा तो. मुंबईच्या आसपास हा फरक ६० मीटरहून जास्त आहे.

म्हणजे काय होईल बघा. समुद्रसपाटीपासून ५०० मीटर उंच टेकडीवर कोणी जीपीएस घेऊन गेला, तर लंबगोलापासूनची उंची भरेल ४४० च्या आत. तोच आकडा कोणी भाबडेपणाने 'समुद्रसपाटीपासून' म्हणून कागदावर लिहिला, की टेकडी ६० मीटरने बुटकी झाली. कागदावर हो, जागेवर नाही! शेवटच्या टप्प्यात ठेवलेले ७५ मीटर प्रत्यक्षात १५ सुद्धा उरणार नाहीत. आडव्या मापातही तेच. आपले जुने टोपोशीट एव्हरेस्टसाहेबांच्या १८३० सालच्या लंबगोलावर काढलेले. जीपीएसचा लंबगोल वेगळा. एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन्हींत थोडे वेगळे येतात आणि काही ठिकाणी तो फरक शंभर मीटरच्याही वर जातो. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, हे मला नोकरीत असताना माहीत असतं तर समुद्रसपाटीवर एक सुरेख तास घेतला असता.

मी त्याला विचारलं, "अरे, पण एवढी कॉम्प्युटरं आहेत, ती चूक पकडत नाहीत?"

तो म्हणाला, "पकडतात ना. पण कोणती, ते महत्त्वाचं." मग त्याने सांगितलं, शेवटच्या टप्प्याची सगळी माहिती यंत्रात भरताना तिच्या शेवटी एक तपासणीचा आकडा जोडलेला असतो. तो सगळ्या माहितीवरून गणिताने काढलेला असतो. वाटेत कुठे एक अंक जरी इकडचा तिकडे झाला तर हिशेब जुळत नाही, आणि हेलिकॉप्टरमधलं यंत्र ती माहिती घेतच नाही. उत्तम सोय. पण मुळात ज्याने उंची मोजली त्यानेच ती चुकीची लिहिली असेल तर? मग तो आकडा छान जुळतो. कारण नक्कल बरोबर झाली एवढंच तो सांगतो. अस्सल बरोबर आहे का, हे त्याला ठाऊक नसतं.

शिक्षक मंडळींना हे लगेच पटेल. फळ्यावर बाईंनी सन चुकीचा लिहिला की चाळीस वह्यांत तोच सन, सुवाच्य अक्षरात! चाळीस वह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या तर चूक सापडेल का? कधीच नाही. त्यासाठी कोणीतरी उठून पुस्तक उघडायला हवं.

वाट तपासणं म्हणजे पुस्तक उघडणं. फक्त इथे पुस्तक म्हणजे प्रत्यक्ष डोंगर.

हे काम आधी टेबलावर सुरू होतं. ज्याने वाट आखली त्याने सोडून दुसऱ्या जाणकाराने सगळे आकडे पुन्हा काढून बघायचे. आपलं आपण तपासलेलं चालत नाही, हा पहिला नियम. लागलं तर सिम्युलेटरवर उडवून बघायचं. आणि मग एक स्वच्छ दिवस निवडायचा. हो, स्वच्छ दिवस! मला आधी नवल वाटलं. धुक्यासाठी वाट आहे तर धुक्यातच तपासायला नको का? भाचा हसला. म्हणाला, "अगं मावशी, धुक्यात मला काय दिसणार? मला तर सगळं बघायचंय. डोंगर, झाडं, तारा, क्रेन. जे पुढच्याला दिसणार नाही ते मला आधी बघून ठेवायचं असतं."

मग त्या उन्हात तो ढग असल्यासारखाच उडतो. यंत्र सांगेल तसं वळतो, सांगेल तेवढं खाली येतो. शेजारी एक माणूस छापील नकाशा घेऊन बसलेला असतो, त्याची नजर सतत बाहेर. नकाशावरचा प्रत्येक अंश आणि प्रत्येक अंतर यंत्रातल्या आकड्याशी ताडून बघायचं. शेवटच्या टप्प्यात वेग साधारण ७० नॉट, म्हणजे ताशी १३० किलोमीटर. त्या वेगाला वारा पाठीमागून आला तर वळण मारता येतं का? एकाच वेळी वैमानिकाला फार गोष्टी कराव्या लागत नाहीत ना? दरीत रेडिओवर बोलणं ऐकू येतं का? उपग्रहांचे संदेश नीट मिळतात की डोंगराआड जातात की आणखी कशाने बिघडतात? त्या अवकाशातल्या बिंदूवरून हेलिपॅड खरोखर दिसतं का, कोणत्या हाताला दिसतं, की मध्येच एखादी नवी इमारत आली आहे? दिसलं नाही तर परत वर चढायची वाट मोकळी आहे का? वाटेच्या दोन्ही कडांनी पुन्हा फिरून यायचं, आणि ज्या अडथळ्यावरून सगळ्या उंच्या ठरवल्या तो तिथेच आणि तेवढाच उंच आहे ना, हे डोळ्यांनी बघायचं. शेवटी सही करायची. 'हो' किंवा 'नाही'.

आता मुख्य गोष्ट सांगते. ताईची परवानगी घेऊन लिहिते आहे.

त्या मुलखात डोंगरात एक इस्पितळ आहे. वर्षातले कितीतरी दिवस दरीत ढग भरलेले असतात आणि रस्त्याने मोठ्या शहराच्या इस्पितळात न्यायला काही तास लागतात. तिथे अशी वाट आखायचं ठरलं. कागदावर सगळं चोख होतं. टेबलावरच्या तपासणीत पास झालं, सिम्युलेटरवर पास झालं. आमचा भाचा एका लख्ख सकाळी ती वाट उडायला गेला. बिंदूपासून हेलिपॅडपर्यंतचा जो डोळ्यांनी जायचा पट्टा असतो, त्याच्या कडेला उतारावर त्याला एक खांब दिसला. हे लोक तार शोधतच नाहीत, कारण तार हवेतून दिसत नाही. ते खांब शोधतात. एक खांब दिसला की दुसरा कुठे आहे ते बघतात. दुसरा दरीच्या पलीकडे होता. लाकूड खाली उतरवण्यासाठी कोणीतरी दरीवर तार ओढली होती. कुठल्याच नोंदीत ती नव्हती.

त्याने 'नाही' लिहिलं.

इस्पितळाचे लोक नाराज झाले. तार काढून टाकू म्हणाले, पण एक काढली तरी उद्या दुसरी येऊ शकते, त्या उतारावर लाकूडतोड चालूच राहणार होती. शेवटी वाटच दुसरीकडून फिरवायचं ठरलं. नव्याने मोजणी, नवं गणित, पुन्हा टेबल. त्यात आठ महिने गेले. नव्या वाटेत तो बिंदू आधीपेक्षा उंचावर ठेवावा लागला. म्हणजे ढग अगदी खाली उतरले असतील त्या दिवशी हेलिकॉप्टरला बिंदूवरून हेलिपॅड दिसणार नाही आणि परत जावं लागेल. सुरक्षितता वाढली, पण काही दिवस हातातून गेले.

हे तो माझ्या घरी जेवताना सांगत होता आणि ताई समोर बसलेली होती. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या आठ महिन्यांत कोणाला न्यायचं राहिलं असेल ना रे?"

ताईने हे का विचारलं ते आमच्या घरातल्यांना कळेल. इतरांसाठी सांगते. माझे भावोजी १९९४ च्या जुलैमध्ये गेले. चिपळूणला घरी छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, कराडला हलवा. रात्र, धो धो पाऊस, कुंभार्ली घाटात दरड आलेली. गाडी तीन तास घाटात उभी होती. कोयनानगर मागे टाकलं आणि पाटण यायच्या आधीच सगळं संपलं. हा भाचा तेव्हा शाळेत होता. गाडीत तो आईच्या शेजारी बसलेला होता. त्याने वैमानिकच का व्हायचं ठरवलं असं त्याला आम्ही कधी विचारलं नाही, आणि त्यानेही कधी सांगितलं नाही.

त्यामुळे ताईचा प्रश्न साधा नव्हता. खाली कोणीतरी कोणाच्या तरी उशाशी बसून आभाळाकडे कान लावून असेल, आणि माझ्या मुलाने 'नाही' लिहिलं, हे तिला टोचत होतं.

भाचा पटकन काही बोलला नाही. मग म्हणाला, "हो आई, राहिलं असेल. मलाही ते माहीत होतं. म्हणूनच मी ती वाट तीनदा उडलो. 'हो' म्हणता येईल अशी काही फट सापडते का, ते बघत होतो."

"मग?"

"मग असं आहे, की मी 'हो' म्हटलं तर ते कागदावर छापून येतं. माझं नाव नसतं त्यावर. दोन वर्षांनी, डिसेंबरच्या रात्री, कुठलातरी वैमानिक तो कागद मांडीवर ठेवून ढगातून खाली येतो. मागे डॉक्टर, नर्स, पेशंट. तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही. त्याला बाहेरचं काहीच दिसत नसतं. जे काही दिसायचं ते मीच त्याच्या वतीने आधी बघितलेलं असतं. त्याने तिथे शंका घ्यायची नाही, कारण शंका घ्यायला त्याच्याकडे वेळ नाही. शंका घ्यायचं काम माझं. ते मी उन्हात नाही केलं, तर ते तिथे कोणीच करत नाही."

ताई काही बोलली नाही. त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. आमच्याकडे बऱ्याच प्रश्नांची उत्तरं अशीच दिली जातात.

पण माझ्या डोक्यात तेव्हापासून विचार चालू आहे. आपण 'हो' म्हणणाऱ्याचं कौतुक करतो. पूल झाला, रस्ता झाला, सेवा सुरू झाली, फीत कापली. 'नाही' म्हणणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही. उलट तो आडमुठा, कामं अडवणारा ठरतो. त्याने 'नाही' म्हटल्यामुळे जे नुकसान होतं ते डोळ्यांना दिसतं. राहिलेले पेशंट, गेलेले महिने. पण 'नाही' म्हटल्यामुळे जो अपघात झालाच नाही, तो कोणाला दिसणार? न झालेल्या गोष्टीची बातमी होत नाही. आणि तरीही अशा माणसाने उठून 'हो' म्हणायला शिकावं असं मला वाटत नाही. त्याने फक्त तीनदा उडून बघावं. फट शोधावी. आणि नसली तर नाही म्हणावं. ताईचा प्रश्न आणि भाच्याचं उत्तर, दोन्ही मला खरं वाटतं. एकाने दुसरं खोटं पडत नाही.

दुसरं असं, की हे काम एकदा करून संपत नाही. छापलेली प्रत्येक वाट जास्तीत जास्त पाच वर्षांनी पुन्हा तपासायचीच, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कारण डोंगर जागचा हलत नसला तरी माणसं स्वस्थ बसत नाहीत. नवी इमारत उठते, मोबाइलचा मनोरा येतो, झाडं वाढतात, कोणीतरी तार ओढतं. कालचं 'हो' आज खरं असेलच असं नाही.

स्वित्झर्लंडमध्ये 'रेगा' नावाची हवाई बचाव संस्था आहे, १९५२ पासूनची. सामान्य लोकांच्या वार्षिक वर्गणीवर ती मुख्यतः चालते. तिथे २०११ मध्ये बर्नच्या मोठ्या इस्पितळासाठी अशी उपग्रहांवरची वाट सुरू झाली, आणि नंतर अशा वाटा एकमेकींना जोडून डोंगरांतून जाळंच विणायला घेतलं. नॉर्वेतही इस्पितळांसाठी अशा वाटा आहेत. आपल्याकडे जुहू-पुण्याच्या प्रात्यक्षिकाने सुरुवात झाली. मी नकाशा घेऊन बसते तेव्हा माझं बोट आपोआप चिपळूणवरून कुंभार्ली चढून कराडला उतरतं. त्या घाटावरून पावसाळ्यातल्या रात्री कधी अशी वाट जाईल का, मला ठाऊक नाही. गेली, तर ती आखणारे हुशार लोक आपल्याकडे भरपूर आहेत, त्याची मला काळजी नाही. त्या वाटेवर कोणीतरी आधी ऊन पडलेल्या सकाळी जाऊन यावं, खांब शोधावेत, आणि त्याला 'नाही' म्हणायची मोकळीक असावी, एवढंच मनात येतं.

भाचा परवा परत गेला. विमानतळावरून फोन आला, "मावशी, तुझी ती समुद्रसपाटी मी आमच्या नव्या मुलांना सांगणार आहे हं." बरं वाटलं. निवृत्तीनंतर एक तास मिळाला म्हणायचा!

तुमच्यापैकी कोणाचं काम असं 'नाही' म्हणण्याचं असेल, किंवा घरात तसं कोणी असेल, तर जरूर लिहा. मला वाचायला आवडेल.